पदविकेची पत कोण ठरवणार?

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत शिक्षण समितीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला एक ठराव आहे. मंडळाच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम सुरू करावा, त्यासाठी बाहेरच्या एका संस्थेशी करार करावा आणि पहिल्या वर्षाचा खर्च इमारत निधीतून उचलावा, असा तो ठराव. बारावीनंतर ज्यांना कोल्हापूर-पुण्याला राहणं परवडत नाही अशी खानापूर-निपाणीकडची आपली मुलंमुली इथे शिकतील, अशी त्यामागची इच्छा आहे. आमच्या समितीचा ठरावाला विरोध नाही. आमच्यातल्या निम्म्यांनी तो लिहायला हातभारच लावला आहे. तरीही मतदानापूर्वी आम्ही अर्धा तास मागून घेतला, तो एकाच प्रश्नासाठी. दोन वर्षांनी आपण त्या मुलाच्या हातात जो कागद ठेवू, त्याला बाहेर कोण विचारणार?

हा प्रश्न आम्हाला हुशारीने सुचलेला नाही, चटका बसल्यामुळे सुचला आहे. जुन्या सभासदांना आठवत असेल, याच सभागृहात आपण संगणकाचे वर्ग चालवले होते. उद्घाटनाला हारतुरे झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. प्रमाणपत्राला सोनेरी किनार होती, ती आपणच छापून घेतली होती. पहिल्या तुकडीतला एक मुलगा ते प्रमाणपत्र घेऊन पुण्याला नोकरीसाठी गेला. तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ही संस्था कुणाकडे नोंदलेली आहे?" मुलाने मंडळाचं नाव सांगितलं. कारकून म्हणाला, "मंडळ गणपतीचं असतं रे बाबा." आपण जिच्याशी करार केला होता ती संस्था तोवर गाशा गुंडाळून गेली होती. फोन लागत नव्हता. मुलाला संगणक येत होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. त्याला येतं, हे सांगणारा कुणी विश्वासाचा माणूस मात्र आपण त्याच्या पाठीशी उभा केला नव्हता. त्याचे वडील आजही सभेला येतात, ते एक शब्द बोललेले नाहीत, आणि त्याचंच आम्हाला जास्त लागतं.

म्हणून गेलं वर्षभर समितीने या एका विषयावर वाचलं, विचारलं, माणसं गाठली. त्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या एका कॉलेजवर. बेळगावच्या सभेत कॅलिफोर्निया कशाला, असं कुणी म्हणेल. एक कारण घरगुती आहे. आपल्या तीन-चार कुटुंबांतल्या लेकी-सुना त्या भागात आहेत. नवऱ्याच्या व्हिसावर गेल्या, नोकरीची परवानगी नाही, घरी बसून काय करायचं म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात एकेक दोन-दोन विषय घेऊन पुन्हा शिकू लागल्या. त्यातली एक सुट्टीला आली असताना आम्ही तिला विचारलं, कॉलेज कसं निवडलंस गं? ती म्हणाली, "काका, पहिल्यांदा अॅक्रेडिटेशन बघितलं. ते नसेल तर बाकीचं सगळं पाण्यात." दुसरं कारण असं की दोन वर्षांची पदविका खरी किती नि तिची पारख करायची कुणी, हा वाद तिकडे पुष्कळ जुना आहे. दुसऱ्याच्या ठेचेवरून शहाणं होता आलं तर आपली एक ठेच वाचते.

आधी ही कॉलेजं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. इलिनॉय राज्यात जोलिएट इथे १९०१ साली पहिलं सार्वजनिक ज्युनियर कॉलेज निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली गावोगावी अशी कॉलेजं काढावीत असं सुचवलं आणि कम्युनिटी कॉलेज हे नाव तेव्हापासून रूढ झालं. शाळा संपल्यावर दोन वर्षं, साधारण ६० युनिटांचा अभ्यास पुरा केला की असोसिएट डिग्री मिळते. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला २०१२ पासून एका युनिटाला ४६ डॉलर फी पडत आली, म्हणजे सबंध पदविकेची फी तीन हजार डॉलरच्या आत. पुढे दोन रस्ते. एक, ती युनिटं घेऊन राज्याच्या मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. दुसरा, सरळ कामाला लागायचं. दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेतलेली परिचारिका आणि चार वर्षांची पदवी घेतलेली परिचारिका तिकडे परवान्यासाठी एकाच परीक्षेला बसतात, आणि उत्तीर्ण झाल्यावर दोघींचा परवाना एकच असतो. दोन वर्षांच्या शिक्षणाला यापेक्षा मोठा मान कोणता?

पण हे दोन्ही रस्ते एकाच किल्लीने उघडतात. कॉलेज अधिस्वीकृत नसेल तर मोठं विद्यापीठ ती युनिटं धरायला बांधील नाही, आणि गरीब विद्यार्थ्याला मिळणारी केंद्र सरकारची मदत तर मिळतच नाही. गंमत अशी की ही अधिस्वीकृती देणारा सरकारी खात्याचा साहेब नसतो. कॉलेजांनीच मिळून उभारलेले, वर्गणीवर चालणारे खाजगी आयोग ते काम करतात. केंद्राचं शिक्षण खातं कॉलेज तपासत नाही, ते तपासणाऱ्या आयोगाला मान्यता देतं. कॉलेजने आधी स्वतःचा आढावा स्वतः लिहायचा, मग इतर कॉलेजांतले प्राध्यापक-प्रशासक येऊन तो पडताळून बघणार, त्यांचा अहवाल आयोगापुढे जाणार आणि आयोग निर्णय देणार. कायद्याच्या भाषेत सगळं ऐच्छिक आहे. ऐच्छिक म्हणजे श्वास घेणं जितकं ऐच्छिक तितकंच.

आता सॅन फ्रान्सिस्कोकडे येऊ. तिथलं सिटी कॉलेज १९३५ साली स्थापन झालं. २०१२ मध्ये तिथे ८० हजारांहून जास्त विद्यार्थी शिकत होते. त्यांतले कितीतरी पदवीच्या वाटेवरचे नव्हतेच. चिनी, मेक्सिकन, फिलिपिनो, जगभरातून आलेले कष्टकरी लोक दिवसा हॉटेलात भांडी घासून संध्याकाळी इंग्रजी शिकायला येत. म्हातारी माणसं येत. शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांत कॉलेजच्या शाखा होत्या. आपल्याकडे रात्रशाळा, आयटीआय आणि वाचनालय एकत्र केलं तर जे होईल, तसं काहीसं ते कॉलेज.

जुलै २०१२ मध्ये पश्चिम विभागाच्या आयोगाने या कॉलेजला 'कारणे दाखवा' नोटीस दिली. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. तुमची अधिस्वीकृती का काढून घेऊ नये याची कारणं द्या, आणि कॉलेज बंद करायची वेळ आली तर ते कसं बंद कराल याचाही आराखडा द्या, असं त्या नोटिशीत होतं. चौदा बाबींवर शेरे होते. शेऱ्यांचा मुख्य रोख कारभारावर होता. खर्चातला ९२ टक्के वाटा पगार आणि भत्त्यांत जातो, गंगाजळी जवळजवळ नाही, निर्णय कोण घेतं ते ठरलेलं नाही, समित्यांवर समित्या आहेत, प्रशासक अपुरे आहेत, विद्यार्थी शिकून बाहेर पडताना नेमकं काय करू शकतो याची लेखी नोंद नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या समितीतच दोन तट पडले. आमच्यातले निवृत्त मास्तर म्हणाले, चाळीस वर्षं शिकवलं, मुलं पुढे गेली, याची नोंद कसली ठेवायची? त्यावर बँकेतल्या सदस्य म्हणाल्या, सर, मुलं पुढे गेली ती तुमच्यामुळे का तुम्ही असूनही, हे कळायला तरी नोंद हवी ना! मास्तर हसले, पण पटलं नाही त्यांना. खरं सांगायचं तर दोघांतही तथ्य आहे. नोंदीसाठी नोंद करत बसलं की शिक्षकाचा अर्धा दिवस कागद भरण्यात जातो. नोंदच नसली की संगणकाच्या वर्गासारखी गत होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हे आभाळातून पडलेलं नव्हतं. २००६ च्या तपासणीत आयोगाने आठ सूचना केल्या होत्या. सहा वर्षांनी पथक पुन्हा आलं तेव्हा त्यातल्या बऱ्याचशा तशाच पडून होत्या. मधल्या काळात मंदी आली, राज्याने अनुदान कापलं, तरी कॉलेजने एकही वर्ग बंद करायचा नाही, एकालाही कामावरून काढायचं नाही, असं धोरण ठेवलं. मन मोठं होतं, तिजोरी रिकामी होती. आपल्या सार्वजनिक संस्थांत हे चित्र अनोळखी आहे असं कुणी म्हणू नये.

३ जुलै २०१३ रोजी आयोगाने निकाल जाहीर केला. ३१ जुलै २०१४ पासून अधिस्वीकृती संपुष्टात. राज्याच्या यंत्रणेने निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार काढून घेतले आणि एका विशेष विश्वस्ताच्या हाती सगळा कारभार दिला. शहरात खळबळ उडाली. विद्यार्थी आणि शिक्षक सिटी हॉलवर मोर्चे घेऊन गेले. त्याआधीच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, शहराच्या मतदारांनी कॉलेज वाचवण्यासाठी प्रत्येक मालमत्तेवर वर्षाला ७९ डॉलरचा जादा कर स्वतःवर लावून घेतला होता. दोन तृतीयांशांहून जास्त मतं त्या बाजूने पडली. स्वतःहून कर मागणारं शहर! आपली वर्गणीची पुस्तकं घरोघरी फिरवताना आम्हाला हे वाक्य दहादा आठवलं.

आणि मग उलटी चौकशी सुरू झाली. शिक्षकांच्या संघटनेने केंद्राच्या शिक्षण खात्याकडे आयोगाविरुद्धच तक्रार केली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये खात्याने कळवलं की आयोगाचं काही बाबतींत चुकलं आहे. तपासणी पथकात शिकवणाऱ्या लोकांचं प्रमाण पुरेसं नव्हतं. आयोगाच्या अध्यक्षबाईंचे यजमानच एका पथकात होते, त्यामुळे हितसंबंधांचा संशय येण्याजोगी परिस्थिती होती. ही सुधारणेसाठी केलेली सूचना आणि ही नियमभंगाची त्रुटी, असा स्पष्ट भेद अहवालात केलेला नव्हता. त्याच महिन्यात शहराचे सरकारी वकील डेनिस हेरेरा यांनी आयोगाला कोर्टात खेचलं. जानेवारी २०१४ मध्ये न्यायाधीश कर्टिस कार्नो यांनी खटल्याचा निकाल लागेपर्यंत अधिस्वीकृती काढून घ्यायला मनाई केली. २०१५ च्या सुरुवातीला निकाल आला. आयोगाने नियम मोडले आहेत. पथकाने न काढलेल्या त्रुटी आयोगाने आपल्या स्तरावर वाढवल्या आणि त्यांवर बाजू मांडायची संधी कॉलेजला दिली नाही, असं कोर्टाने म्हटलं. कोर्टाने कॉलेज निर्दोष आहे असं मात्र म्हटलं नाही. हा फरक मोर्चातल्या घोषणांत हरवला, आपण तो हरवू देऊ नये.

दरम्यान आयोगाने एक नवी तरतूद काढून कॉलेजला सुधारणेसाठी दोन वर्षं दिली, आणि १३ जानेवारी २०१७ रोजी सात वर्षांची पूर्ण अधिस्वीकृती परत कायम झाली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूपासून शहराने आपल्या रहिवाशांना तिथे शिकण्याची फी माफ केली.

गोष्ट इथे गोड झाली असं वाटेल. झालेली नाही. या पाच वर्षांत कॉलेजची मान्यता एक दिवससुद्धा गेली नव्हती. कायद्याने दिलेली प्रत्येक पदविका पूर्ण वैध होती. तरी विद्यार्थी हजारोंनी गेले, कारण वर्तमानपत्रात मथळा आला होता की कॉलेज बंद होणार. दोन नोकऱ्या करून शिकणारी बाई कोर्टाची तारीख वाचत बसत नाही, ती शेजारच्या गावातल्या कॉलेजात नाव घालते, किंवा शिकणंच सोडते. तिकडे अनुदान विद्यार्थीसंख्येवर मिळतं, त्यामुळे संख्या गेली की पैसा गेला; राज्याला काही वर्षं खास तरतूद करून ते भोक बुजवावं लागलं. गेलेले विद्यार्थी पूर्वीच्या संख्येने परत आले नाहीत. २०२२ मध्ये पूर्णवेळ प्राध्यापकांना कामावरून कमी करावं लागलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये पैशाच्या आणि विश्वस्तांच्या कारभाराबद्दल आयोगाची ताकीद पुन्हा आली, मान्यता तेवढी शाबूत राहिली. पत अशी असते. कोर्टात जिंकलेली पत बाजारात परत मिळतेच असं नाही.

त्याच राज्यात कॉम्प्टन नावाचं गाव आहे, लॉस एंजेलिसला लागून. वस्ती गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांची. तिथल्या कॉलेजात पैशाचा कारभार इतका बिघडला की २००४ मध्ये राज्याने तो ताब्यात घेतला आणि २००६ मध्ये त्याच आयोगाने अधिस्वीकृती खरोखरच काढून घेतली. तिथे मोठा खटला चालून निर्णय फिरला नाही. शेजारच्या एल कॅमिनो कॉलेजने ते आपल्या पंखाखाली घेतलं, म्हणून वर्ग सुरू राहिले आणि पदविका मिळाल्या त्या एल कॅमिनोच्या नावाने. स्वतःची मान्यता परत मिळायला कॉम्प्टनला २०१७ उजाडावं लागलं. विश्वस्तांच्या पापाची फेड अकरा वर्षं त्या गावातल्या मुलांनी केली. आणि याच मुलांना दुसऱ्या गावाला जाऊन शिकणं सगळ्यात कठीण होतं.

दोन्ही गावांची हकीकत आम्ही समितीत वाचून दाखवली तेव्हा एक प्रश्न आला, तो सांगायलाच हवा. आमच्यातले एक तरुण सदस्य म्हणाले, "आपल्या सीमाभागात तपासायला येणारा माणूस आपला कुठे असतो? तो आकसाने शेरा मारणार नाही कशावरून?" टाळ्या पडाव्यात असा प्रश्न आहे, आणि आम्ही तो उडवून लावत नाही. भाषिक अल्पसंख्याक म्हणून आपण काय काय सोसलं ते या सभागृहात कुणाला शिकवायची गरज नाही. पण सिटी कॉलेजची कहाणी नीट बघा. तपासणाऱ्याने नियम मोडले होते, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं, तक्रारीने दाखवलं, कोर्टात दाखवलं. ते जिंकले कारण नियम काय होता आणि कुठे मोडला, हे कलमावर बोट ठेवून सांगता आलं. आणि ते हरले तिथे, जिथे २००६ च्या आठ सूचना कपाटात पडून होत्या. तपासनीस आकसाचा असेल तर आपल्या वह्या दुप्पट स्वच्छ हव्यात. आकस आहे म्हणून वह्याच ठेवायच्या नाहीत, हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही, मग तो कितीही मराठीत केलेला असो.

आता आपल्या देशाकडे. आपल्याकडे कॉलेजांची पारख करणारी नॅक ही परिषद १९९४ साली निघाली, तिचं मुख्यालय बंगळूरला. अभियांत्रिकी आणि तत्सम अभ्यासक्रमांचं, पॉलिटेक्निकच्या पदविकांसह, स्वतंत्र मानांकन करणारं एनबीए हे मंडळही त्याच वर्षीचं. म्हणजे आपल्याकडेही दोन थर आहेत, एक संस्थेचा आणि एक अभ्यासक्रमाचा, आणि करार करताना लोक पहिला दाखवून दुसऱ्याबद्दल गप्प बसतात. संस्थेच्या फलकावर मोठं 'ए' असतं, पण आपल्याला हवा तो अभ्यासक्रम कुणी तपासलेलाच नसतो. पद्धत मात्र अमेरिकेसारखीच चालत आली: स्वतःचा आढावा, मग पथकाची भेट, मग श्रेणी.

पथक येणार म्हटल्यावर काय होतं ते कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भिंतींना रंग लागतो. कुंड्या येतात, पथक गेल्यावर परत जातात. प्रयोगशाळेतल्या कपाटाची हरवलेली किल्ली अचानक सापडते. आपण यावर हसतो, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी पथकातल्याच काही जणांना लाचेच्या आरोपाखाली सीबीआयने अटक केली, तेव्हा हसू थांबलं. आरोपाचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. पालकांनी मात्र तेव्हापासून फलकावरच्या अक्षराकडे बघण्याची नजर बदलली, आणि चांगल्या कॉलेजांनी कष्टाने मिळवलेल्या श्रेणीवरही त्याचे शिंतोडे उडाले.

कम्युनिटी कॉलेज हा शब्दही आपल्याकडे नवा नाही. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये तसं कॉलेज काढलं, पुढच्या वर्षी मद्रासला निघालं, आणि २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याची देशभर योजना केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका आणि तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडायची सोय सांगितली आहे. कागदावर ही तर असोसिएट डिग्रीच झाली. पण दोन वर्षांनी बाहेर पडलेल्या मुलाला आत परत घ्यायला कोणतं विद्यापीठ तयार आहे, आणि कोणता कारखानदार त्याच्या पदविकेला पगाराचा आकडा लावतो, हे विचारल्याशिवाय आपण कुणालाही दोन वर्षांनी थांबायचा सल्ला देऊ नये. गरिबाच्या मुलाला दोन वर्षं आणि श्रीमंताच्या मुलाला चार, अशी वाटणी आपल्याच हातून व्हायला नको.

आमच्या सूचना आता सांगतो. फार नाहीत, पण त्यांवर आम्ही अडून बसणार आहोत. ज्या संस्थेशी करार करायचा तिच्या मान्यतेची मूळ कागदपत्रं, संस्थेची आणि या ठराविक अभ्यासक्रमाची अशी दोन्ही, कार्यकारिणीने डोळ्यांनी पाहावीत आणि त्यांची मुदत कधी संपते ते इतिवृत्तात लिहावं. झेरॉक्सवर विश्वास ठेवून आपण एकदा पोळलो आहोत. करारात असं कलम हवं की संस्था मधेच बंद पडली किंवा तिची मान्यता गेली, तर शिकत असलेल्या मुलांना पदविका कोण देणार हे आधीच ठरलेलं असेल. कॉम्प्टनला एल कॅमिनो मिळालं; आपल्याला कोण मिळणार ते आज लिहून घ्या, उद्या कुणी उभं राहणार नाही.

शिकवणारे शिक्षक आणि मंडळाचे पदाधिकारी यांच्यात नातं असेल तर ते नोंदवहीत लिहिलं जावं, आणि त्या पदाधिकाऱ्याने नेमणुकीच्या बैठकीला बसू नये. यावर समितीत कुरकूर झाली. आपल्यात कोण कुणाचा नातलग नाही, असं एक जण म्हणाले. बरोबर आहे, म्हणूनच लिहायचं. एका नवराबायकोमुळे अमेरिकेतल्या त्या आयोगाला केंद्र सरकारपुढे खाली मान घालावी लागली, आपण तर एका गल्लीतले.

पहिल्या तुकडीतलं प्रत्येक मूल पदविका घेतल्यावर एका वर्षाने कुठे आहे, काय करतं, पगार किती, पुढे शिकतं का, हे आपण फोन करून विचारावं आणि जे उत्तर येईल ते, चांगलं असो वाईट असो, याच पत्रकात छापावं. ज्यांना काम मिळालं नाही त्यांची संख्याही छापावी. कार्यकारिणीतल्या काही जणांना हे रुचणार नाही, वर्गणीवर परिणाम होईल असं त्यांना वाटतं. आम्हाला उलट वाटतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदाराने ७९ डॉलर दिले ते कॉलेज किती चांगलं आहे असं कुणी सांगितल्यामुळे नाही. त्याच्या शेजारणीने तिथे इंग्रजी शिकून नोकरी मिळवलेली त्याने पाहिली होती.

आणि इमारत निधीबद्दल. हा पैसा आपल्या आधीच्या पिढीने दुकानांच्या गल्ल्यांतून, पोरांच्या मुंजीत वाचवून, रुपया रुपया करून जमवला. त्यातून तीन खोल्यांना फरशी आणि फळे घ्यायला आमची ना नाही. पहिल्या वर्षाचे पगार मात्र त्यातून देऊ नयेत. पगाराला दरवर्षी पैसा लागतो आणि निधी एकदाच असतो. ते ९२ टक्क्यांचं गणित आपण वर पाहिलंच. पगारासाठी वेगळी वर्गणी काढा, आणि ती जमत नसेल तर एक वर्ष थांबा. मूल एक वर्ष उशिरा शिकलं तर चालेल.

तो संगणकवाला मुलगा आता कुठे आहे असं कुणी विचारेल. त्याने पुढे स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या वेळेत, मान्यताप्राप्त ठिकाणाहून पुन्हा तोच अभ्यासक्रम केला. तीच पुस्तकं, तेच धडे. आपल्यामुळे त्याची दीड वर्षं गेली. या ठरावाची दुरुस्ती लिहिताना आम्ही त्याला घरी जाऊन मसुदा दाखवला. त्याने एकच ओळ घालायला सांगितली. प्रवेशाच्या अर्जावर, सही करायच्या जागेच्या वर, ठळक अक्षरांत असं छापावं: हा अभ्यासक्रम कुणी मान्य केला आहे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ते पडताळून बघायचं असेल तर कुठे चौकशी करायची.

ती ओळ मसुद्यात घातली आहे. अध्यक्ष महोदय, दुरुस्तीसह ठराव वाचून दाखवण्याची परवानगी असावी.